नागपुरात राहून उंचीवरच्या वैद्यकशास्त्रात संशोधन करायचं तर सुरुवात कुठून?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेडिकलमधून, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून, एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपली, सध्या धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, रात्रपाळ्या आणि दिवसा नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. ट्रेकिंगची आवड आहे, एकदा लेहलाही जाऊन आलीस. आता हिमालयातल्या मोहिमांवर डॉक्टर म्हणून जायचंय आणि तिथे संशोधन करायचंय. सुरुवात कुठून करू, कोणती ब्रांच घेऊ, आणि नागपूर न सोडता हे जमेल का?

आधी कडू भाग सांगते. या नावाची नोकरी आपल्या देशात सैन्य आणि निमलष्करी दलांच्या बाहेर जवळजवळ नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. घर ओटीच्या, म्हणजे शस्त्रक्रियागृहाच्या, कामावर चालतं, डोंगर सुट्ट्यांवर. या क्षेत्रातले माझ्या ओळखीचे बाकीचेही असेच. कुणी छातीच्या विकारांचे डॉक्टर, कुणी फिजिओलॉजी शिकवणारे, कुणी गणवेशातले. त्यामुळे ‘मोहिमेवर कशी जाऊ’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर टाकीन. पहिला प्रश्न असा की तुला नेमकं काय शोधायचं आहे? ते ठरलेलं नसताना वर गेलेला डॉक्टर जुलाब, खोकला आणि पायांचे फोड सांभाळून परत येतो. वाईट काही नाही त्यात, मोहिमेचं नव्वद टक्के डॉक्टरपण तेच असतं. पण त्याला संशोधन म्हणत नाहीत.

शोधायचं काय, याचं उत्तर तुला हिमालयात जाऊन मिळेल असं मला वाटत नाही. ते नागपुरात मिळण्याची शक्यता जास्त आहे. कसं ते खाली येईलच, पण त्याआधी आपल्या माणसांनी या विषयात काय केलंय ते तुला ठाऊक असायला हवं. पाश्चात्त्य पुस्तकं वाचून असा समज होतो की हे शास्त्र आल्प्समध्ये जन्मलं आणि एव्हरेस्टवर मोठं झालं.

१९६२च्या चीन युद्धात आपले जवान सपाटीवरून थेट साडेतीन-चार हजार मीटरच्या वर नेले गेले. अंगाला उंचीची सवय व्हायला वेळच मिळाला नाही. गोळी न लागताही माणसं आजारी पडली, काही दगावली. त्या काळात उंचीवर गेलेल्या १,९२५ जवानांच्या आजाराचं वर्णन सेनेतले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं. आजही या विषयावरच्या कुठल्याही गंभीर लेखात तो संदर्भ सापडतो. त्यांनी प्रश्न शोधायला मोहीम काढली नव्हती. पोस्टिंग होतं, समोर आजारी माणसं होती, आणि त्यांनी नीट नोंदी ठेवल्या. पुढे १९९०मध्ये लॅन्सेटमध्ये इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी ५,८०० ते ६,७०० मीटरवर महिनोन् महिने राहिलेल्या २१ जवानांचं वर्णन केलं. त्यांच्या हृदयाची उजवी बाजू थकत होती, अंगावर सूज येत होती, आणि खाली आणल्यावर ते बरे होत होते. इतक्या उंचीवर माणसं इतका काळ ठेवणारे देश जगात फार नाहीत, म्हणून तो शोध इथलाच असणार होता. १९६०-६१च्या सिल्व्हर हट मोहिमेतही एक भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, सुखमय लाहिरी. ५,८०० मीटरवरच्या एका झोपडीत हिवाळाभर राहून त्या मंडळींनी श्वास, रक्त, झोप, व्यायाम असं सगळं मोजलं. ग्रिफिथ प्यू त्या शास्त्रीय कामाचे प्रमुख होते. ती झोपडी नंतर दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटकडे आली.

आता दुसरं टोक. २००७मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या एक्स्ट्रीम एव्हरेस्ट मोहिमेने ८,४०० मीटरवर चार गिर्यारोहकांच्या मांडीच्या धमनीतून रक्त घेतलं. बेत शिखरावरच रक्त घ्यायचा होता, पण थंडी आणि वाऱ्यामुळे ते जमलं नाही, म्हणून थोडं खाली उतरून घेतलं. नमुने दोन तासांच्या आत ६,४०० मीटरवरच्या प्रयोगशाळेत पोचवले. धमनीतल्या ऑक्सिजनचा सरासरी दाब निघाला २४.६ मिलिमीटर, एकाचा तर १९.१. आपल्या आयसीयूत असा रिपोर्ट आला तर तू आधी लॅबला फोन लावशील की हे धमनीऐवजी शिरेतलं रक्त तर नाही ना. इथे माणसं शुद्धीवर होती, चालत होती. आकडा थरारक आहेच, पण त्यामागे कॅम्पचा माणूस नमुना घेऊन किती वेगाने उतरला, यंत्र गरम कसं ठेवलं, जनरेटर कुठे होता, हेही तितकंच आहे. उंचीवरचं संशोधन निम्म्याहून जास्त हमालीचं आणि नियोजनाचं काम आहे. ज्याला लग्नाचा हॉल, मंडप आणि कॅटरर एकाच दिवशी सांभाळता येतात, तो इथे चांगला टिकतो.

आता नागपूर. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. हवेचा दाब साधारण ७३० मिलिमीटर, म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब १४४च्या आसपास. सकाळी सोनेगावहून विमान पकडून दिल्लीमार्गे त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, लेहला उतरलीस की तू ३,५०० मीटरवर असतेस, आणि तोच आकडा ९३च्या जवळ येतो. एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन एका झोपेत गेला. मार्गदर्शक सूचना सांगतात की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा. आपले लोक त्या सूचना पायऱ्या न चढता लिफ्टनेच ओलांडतात.

आणि हे लोक कोण असतात ते बघ. गिर्यारोहक फार थोडे. मे-जूनमध्ये ४५ डिग्रीतून पळून लेह-मनाली गाठणारी कुटुंबं. केदारनाथला, म्हणजे ३,५८३ मीटरवर जाणारे साठीतले काका-काकू. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर, आणि पहलगामकडून गेलं तर वाटेतली खिंड चार हजार मीटर ओलांडते. इतवारीतून, सक्करदऱ्यातून, कामठीतून दर वर्षी गट निघतात. त्यात मधुमेह आहे, ब्लडप्रेशर आहे, अँजिओप्लास्टी झालेली आहे, आणि तरी तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र मिळालंय. एव्हरेस्टवरच्या तंदुरुस्त तिशीतल्या माणसांवर ढिगाने अभ्यास आहेत. तुझ्या ओपीडीतल्या माणसांवर त्या मानाने फार थोडे.

यातही माझ्या मते विदर्भाचा खास प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या लालपेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, आहे. इथे इंटर्नशिप केलेल्या कुणालाही सिकलसेल शिकवावा लागत नाही, पुण्या-मुंबईचे मित्र मात्र अजून पुस्तकातून वाचतात. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला उंचीवर जाण्यातला धोका आपण सांगतोच. प्रश्न वाहकांचा आहे. एक जीन सिकलचं, एक नेहमीचं, आयुष्यभर काही त्रास नाही, कित्येकांना तर आपण वाहक आहोत हे लग्न ठरताना कळतं. अशा माणसांना उंचीवर, विशेषतः अंगमेहनत आणि पाणी कमी पडणं यांची जोड मिळाली की, क्वचित प्लीहेचा (स्प्लीनचा) काही भाग मरू शकतो. दशकानुदशकं जगभरातून अशा केसेस छापल्या जात आहेत. प्लीहेत रक्त मुळातच रेंगाळत फिरतं, तिथे ऑक्सिजन आणखी घटला की लालपेशी वाकड्या होतात आणि वाट अडते. रुग्ण सांगतो की डाव्या बरगडीखाली भयंकर दुखतंय, उलटी होतेय. वर कॅम्पमधला डॉक्टर म्हणतो उंचीचा त्रास, किंवा मूतखडा, किंवा डाव्या बाजूचा न्यूमोनिया. सिकलसेल कधी न पाहिलेल्या डॉक्टरला हे सुचणं कठीणच. तुला सुचेल.

यातून लगेच ‘वाहकांना लेहला नेऊन बघू’ असा प्रबंध डोक्यात येईल. तिथे थांब आणि गणित कर. समज, तू चाळीस वाहकांना नेलंस आणि एकालाही काही झालं नाही. तुझ्या मनात निष्कर्ष येईल की उंची सुरक्षित आहे. पण शून्य घटना आल्या की धोक्याची वरची मर्यादा साधारण तीन भागिले माणसांची संख्या एवढी राहते, म्हणजे तीन भागिले चाळीस, साडेसात टक्के. शंभरात सात जणांची प्लीहा जाऊ शकते, एवढी शक्यता तुझ्या अभ्यासाने नाकारलेलीच नाही. अशा विरळ घटनेसाठी वेगळी मांडणी लागते. एक वाट म्हणजे मागे वळून पाहणं. डाव्या पोटात दुखून उंचीवरून खाली आलेल्या प्रवाशांची नोंद, त्यांची हिमोग्लोबिनची तपासणी, आणि त्याच गटातून त्रास न झालेल्यांशी तुलना. दुसरी वाट म्हणजे घटनेची वाट न पाहता अलीकडची पायरी मोजणं, म्हणजे वाहक आणि गैरवाहक दोघांची जाण्याआधी आणि आल्यावर सोनोग्राफीने प्लीहा मोजणं. यंत्र नागपुरात आहे, रेडिओलॉजीतला मित्र आहे, आणि प्रवासी स्वतःच्या खर्चाने जाऊन येत आहेत. मोहिमेचा खर्च शून्य.

१ जुलै २०२३ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. म्हणजे आपण वाहक आहोत हे ठाऊक असलेली तरुण माणसं येत्या काळात वाढत जाणार आणि ती तुला विचारणार, ‘मॅडम, मी ट्रेकला जाऊ का?’ त्या प्रश्नाला चांगलं उत्तर हवं. इथे एक सावधगिरी मी आत्ताच सांगून ठेवते. तुझ्या अभ्यासाचा उपयोग ‘या समाजातल्या मुलांना सैन्यात नको, मोहिमेत नको’ असं म्हणायला कुणी करू शकतो. सिकलसेल विदर्भात कोणत्या समाजांत जास्त आढळतो हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून निष्कर्ष लिहिताना किती पाणी, किती वेगाने चढाई, कोणतं दुखणं आलं की उतरायचं, हे आधी लिही. बंदीची भाषा शक्यतो येऊच देऊ नकोस.

सिकलसेलचा प्रश्न नको वाटला तर उन्हाळ्याचा घे. उष्णतेची सवय झालेल्या शरीरात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, उंचीवर पहिल्या काही दिवसांत तोच घटतो. नागपूरच्या मे महिन्यातून थेट लेहला गेलेल्या माणसात या दोन्हींची गाठ कशी पडते? डिसेंबरात गेलेल्यापेक्षा काही फरक दिसतो का? हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लालपेशींचं प्रमाण), वजन, लघवीचं प्रमाण आणि त्रासाची गुणसंख्या एवढ्यावर सुरुवात होते. आपल्याकडे उष्माघाताचे वॉर्ड दर उन्हाळ्यात उघडतात, हा विषय इथल्या डॉक्टरला हातातला वाटायला हवा.

ब्रांचबद्दल. यावर तासन् तास चर्चा होतात, मी दोन परिच्छेदांत आटपते. भूलशास्त्र, इमर्जन्सी मेडिसिन, जनरल मेडिसिन, श्वसनविकार, या चारही चालतात. पहिल्या दोन्हींत हात तयार होतो आणि सुट्ट्या जुळवणं तुलनेने सोपं जातं. मेडिसिन आणि श्वसनविकारात विचार खोल होतो, पण स्वतःची ओपीडी बसली की महिनाभर गायब होणं अवघड. संशोधनच प्रमुख करायचं असेल आणि रुग्ण सुटले तरी चालत असतील, तर फिजिओलॉजीला नाक मुरडू नकोस. दिल्लीत डीआरडीओची शरीरक्रियाशास्त्राची संस्था आहे, डिपास म्हणतात तिला, आणि तिथे उंचीवर दशकांचं काम आहे. लेहलाही लष्करी रुग्णालयाशी जोडलेलं उंचीवरच्या वैद्यकाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्यांशी बोलताना फिजिओलॉजीची भाषा येणं फार उपयोगी पडतं. यात्रेकरूंचं रोगपरिस्थितिशास्त्र आवडत असेल तर कम्युनिटी मेडिसिनही.

रँक काय मिळेल ते मिळेल. एक मात्र पाळ. कोणतीही ब्रांच मिळो, पीजीचा प्रबंध या विषयाकडे वळव. सगळ्यांना प्रबंध करावाच लागतो, बहुतेकांचे कपाटात धूळ खातात. तुझा तोच पहिला पेपर असू दे. गाइड निवडताना त्यांना डोंगर आवडतो का हे बघू नकोस, संख्याशास्त्राच्या माणसाकडे ते आधी पाठवतात की नंतर, हे बघ.

वर जाण्याचे मार्ग. बेसिक कोर्स कर, उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, कुठूनही. साधारण चार आठवड्यांचा असतो. तो डॉक्टरकीसाठी नाही. दोरावर तू टीमला ओझं होणार नाहीस, एवढ्याचसाठी. त्यानंतर यात्रा. अमरनाथसारख्या यात्रांच्या वैद्यकीय शिबिरांसाठी बाहेरच्या राज्यांतूनही डॉक्टर घेतले जातात. तिथे एका पाळीत जेवढं बघायला मिळतं तेवढं छोट्या मोहिमेत महिन्यातही दिसत नाही. पुढे पीजी झाल्यावर नेपाळातल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा विचार कर. ती संस्था १९७३मध्ये सुरू झाली, फेरीचे आणि मनांगला हंगामी दवाखाने चालवते, जगभरातून डॉक्टर स्वयंसेवक म्हणून येतात, आणि तिथून चांगलं संशोधनही निघालं आहे. इंटर्नशिप झाल्या झाल्या अर्ज करण्याची मात्र ती जागा नाही. एकटीने निर्णय घ्यावे लागतात. माउंटन मेडिसिनचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा पुढे करता येईल, नेपाळातही होतो. तो आधी करून मग अनुभव शोधू नकोस, उलट कर.

सैन्याचा मार्ग वेगळाच. शॉर्ट सर्व्हिस कमिशनची सुरुवात पाच वर्षांची असते, आणि आयटीबीपीत, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांतही, डॉक्टर भरती होतात. उंचीवरचा अनुभव म्हणशील तर याला तोड नाही. पण पोस्टिंग तुझ्या हातात नसतं आणि माहिती छापायला परवानग्या लागतात. लेहची स्वप्नं बघत गेलेल्याला वाळवंटातलं युनिट मिळू शकतं. गणवेश स्वतः आवडत असेल तरच जा.

आणि बाँडचं, म्हणजे सरकारी सेवेचं, वर्ष अजून व्हायचं असेल तर ते पैसे भरून उडवण्याआधी विचार कर. मेळघाटातलं किंवा भामरागडकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र हे मोहिमेच्या डॉक्टरसाठी उत्तम प्रशिक्षण आहे, हे मी गमतीने म्हणत नाही. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. समोर आजारी बाळंतीण, रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर, औषधं मोजकी, आणि आत्ता हलवायचं की सकाळपर्यंत थांबायचं हे तूच ठरवायचं. उंचीवरही प्रश्न हाच असतो, फक्त नदीच्या जागी बर्फ आणि अंधार असतो.

आता कागदपत्रं. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, माणूस नंतर. औषध देऊन तुलना करणार असशील तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत पहिला माणूस घेण्याआधी नोंद हवी. परदेशी सहकारी किंवा परदेशी पैसा आला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वाट धरावी लागते, आणि नेपाळात काम करायचं तर तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेची वेगळी परवानगी. हे सगळं महिने खातं. यात्रा जुलैत असते, म्हणून प्रस्ताव डिसेंबरात हवा. मार्चमध्ये जागी झालीस तर पुढच्या वर्षीच्या यात्रेला.

मोजमापाबद्दल काही गोष्टी मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते. उंचीच्या त्रासाची लेक लुईस गुणसंख्या २०१८मध्ये बदलली. झोपेचा प्रश्न काढून टाकला, आता डोकेदुखी असलीच पाहिजे आणि एकूण तीन किंवा जास्त गुण हवेत. जुन्या प्रबंधांतली टक्केवारी आणि तुझी टक्केवारी शेजारी ठेवताना हे विसरू नकोस. पल्स ऑक्सिमीटरवर आंधळा विश्वास टाकू नकोस. यंत्र बनवणारे अचूकतेचा दावा साधारण सत्तर टक्क्यांपर्यंतच करतात, गार बोटावर आकडा नाचतो, आणि सावळ्या त्वचेवर यंत्र ऑक्सिजन जास्त दाखवतं, हे आता चांगलं नोंदलं गेलंय. आपली माणसं कोणत्या रंगाची आहेत ते तुला सांगायला नको. एकच यंत्र, हात उबदार, बसून पाच मिनिटं, मग नोंद. लेहला पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचं ८५ ते ९० दिसलं म्हणून घाबरायचं नाही आणि ९२ दिसलं म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही. बिछान्याशेजारी रक्त तपासणारी छोटी यंत्रं १६ ते ३० डिग्रीतच चालतात, त्यांची काडतुसं मात्र फ्रीजच्या तापमानाला जपावी लागतात. म्हणजे तंबूत एकाच वेळी एक वस्तू गरम आणि दुसरी गार ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. पेन गोठतं, पेन्सिल गोठत नाही. फुप्फुसाची सोनोग्राफी मला व्यक्तिशः सगळ्यात जवळची. फुप्फुसात पाणी भरू लागलं, ज्याला आपण हेप म्हणतो, की पडद्यावर वरून खाली जाणाऱ्या पांढऱ्या रेषा वाढतात. फेरीचेतल्या रुग्णांवर हे २००७मध्ये दाखवलं गेलं. प्रोब नागपुरातच शिकून घे, आयसीयूत रोज संधी आहे.

आणखी एक सापळा. वरच्या कॅम्पवर तू जी माणसं मोजतेस ती उरलेली माणसं असतात. ज्यांना त्रास झाला ते बालटालहून किंवा गौरीकुंडावरून, म्हणजे यात्रेच्या पायथ्यावरूनच परतले. वरची टक्केवारी कमी आली म्हणून खूश होऊ नकोस, भागाकारातला खालचा आकडा कुठून आणलास ते आधी सांग. नोंद नागपूर स्टेशनवर गाडीत बसताना सुरू झाली, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

फार यंत्रं नसली तरी चांगलं काम होतं. २००४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली चाचणी बघ. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरीचे-डिंगबोचेहून लोबुचेला जाणारे ६१४ ट्रेकर घेतले. कुणाला जिंको हे वनस्पतीचं औषध, कुणाला उंचीचा त्रास टाळायचं अॅसिटाझोलामाइड, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती खोटी गोळी. जिंको लोक हौसेने खात होते. चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, अॅसिटाझोलामाइड ठरलं. गोळ्या, कागद आणि शिस्त, एवढ्यावर हे काम झालं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. वर तू एकाच वेळी डॉक्टर आणि संशोधक असतेस, आणि या दोघींचं नेहमी पटत नाही. संशोधक म्हणते, अजून एक रात्र थांबला तर सलग नोंदी पूर्ण होतील. डॉक्टर म्हणते, याची चाल अडखळतेय, याला आत्ता खाली न्या. हा वाद रात्री दोन वाजता तंबूत मिटवायचा नसतो. तो नागपुरात, प्रस्तावात मिटवायचा. किती गुण झाले की अभ्यासातून बाहेर, कोणतं लक्षण दिसलं की गोळीचा कोड उघडून खरी की खोटी ते बघायचं, औषधांत कधी डेक्सामेथासोन, कधी निफेडिपिन, कधी दाब वाढवणाऱ्या फुगवायच्या पिशवीत घालायचं आणि कोण सोबत उतरणार. शक्य असेल तर उपचार करणारा डॉक्टर आणि नोंदी घेणारी तू, ही दोन वेगळी माणसं ठेव. लहान टीममध्ये जमत नाही, मग तुझ्या हातातली वही नेहमी हरणार हे आधीच मान्य कर.

संमतीचंही तसंच. टीमचा लीडर म्हणाला, ‘डॉक्टर मॅडमला रक्त द्या रे’, आणि सगळ्यांनी बाह्या वर केल्या, तर ती संमती नव्हे. ज्याच्या तब्येतीवर तूच शेवटचा शब्द सांगणार आहेस, तो तुला नाही कसं म्हणेल? पोर्टर तर त्रास लपवतात. आजारी ठरले तर मजुरी बुडते. त्यांची नोंद करायची असेल तर आजारी पडल्यास त्या दिवसांची मजुरी मिळेल याची सोय आधी कर, नाहीतर सगळे पोर्टर तंदुरुस्त आहेत असा सुंदर आणि खोटा तक्ता तयार होईल. यात्रेकरूंचं वेगळंच. ‘बाबांनी बोलावलंय, आता मागे फिरणार नाही’, असं म्हणणाऱ्या माणसाकडून डोकेदुखी वदवून घेणं हे कौशल्य आहे. डोकं दुखतंय का असं विचारलं की नाही म्हणतात. सकाळचा चहा संपला का, नाश्ता किती खाल्ला, असं विचार.

पैशाचं बोलायचं तर पहिली काही वर्षं पदरचेच जातील. मोहिमेच्या डॉक्टरला बहुधा प्रवास आणि जेवण मिळतं, मानधन क्वचित. पूर्ण कर्ज काढून चकाचक बूट घेऊ नकोस, भाड्याने मिळतात. बाई म्हणून विचारलं नाहीस, तरी सांगते. अॅसिटाझोलामाइडने लघवी वाढते आणि उणे तापमानात रात्री तंबूबाहेर जाणं हा खरा प्रश्न असतो. त्यामुळे बायका पाणीच कमी पितात. तू स्वतःही करशील आणि तुझ्या अभ्यासातल्या बायकाही करतील. पाण्याची नोंद स्त्री-पुरुषांची वेगळी ठेव. घरच्यांना पटवण्याचं मात्र तुलाच बघावं लागेल, ‘डॉक्टर झाली आणि डोंगरात काहून जाते’ याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तेव्हा सध्या नीट-पीजीचा अभ्यास सोडू नकोस. आठवड्यातून एक संध्याकाळ काढ आणि रुग्णालयातल्या आयसीयूत फुप्फुसाची सोनोग्राफी शिकून घे. यंदा नागपुरातून निघणाऱ्या एखाद्या यात्रा मंडळाला भेट, त्यांच्या यादीत वय, आजार आणि गोळ्या यांचे रकाने आहेत का बघ. बहुतेक नसतील, ते तू आखून दे. आणि मला एका पानावर लिहून पाठव: प्रश्न काय, कुणाला मोजणार, काय मोजणार, किती माणसं आणि ती का तेवढीच, माणूस आजारी पडला तर तू काय करणार. एका पानात बसलं नाही तर परत लिही. पान आलं की संख्याशास्त्रवाल्या सरांकडे आपण दोघी मिळून जाऊ, दिवाळीनंतर ते जरा मोकळे असतात.